भट्टीची राख, आत्याचा मळा

माझ्या आत्याचं तोंड फाटकं आहे असं सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत आधी ती स्वतः म्हणायची. गिऱ्हाइकानं टोमॅटो दाबून बघितला की ती विचारायची, “डॉक्टर आहात का? मग नाडीही बघून घ्या त्याची.” गिऱ्हाईक ओशाळलं की मूठभर मिरच्या वरून टाकायची. त्यामुळे तिचं बोलणं कुणाला लागायचं नाही.

कालवा आणि एका गोदामाची मागची भिंत, यांच्यामध्ये जमिनीचा एक लांबट पट्टा होता. तो तिचा मळा. तिचे यजमान लवकर गेले, तेव्हा तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी ताई, अजून रांगत होती. आत्यानं त्या पट्ट्यावर टोमॅटो, वांगी, कोबी, पालक, जे येईल ते काढलं आणि त्यावर लेकीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. कुणापुढे हात पसरला नाही. हात पुढे करायची ती फक्त माझ्या बाबांपुढे, आणि तोही टाळी द्यायला.

बाबा तिचे थोरले भाऊ. त्यांची बेकरी होती, जुन्या पद्धतीची, लाकडावर चालणारी. खालच्या कप्प्यात जाळ आणि वरच्या कप्प्यात पाव. आत्याला ते ठकू म्हणायचे. केस पांढरे व्हायला लागलेल्या बाईला भर बाजारात “ए ठके!” अशी हाक मारायला त्यांना काही वाटायचं नाही, आणि तीही दहा वर्षांच्या पोरीसारखी वळून बघायची. त्या दोघांना बघून माझी आई म्हणायची, “यांच्या गप्पांत मला जागा मिळायची असेल तर आधी अर्ज द्यावा लागेल.”

एका वर्षी खताच्या दुकानात पोटॅश येईनासं झालं. कुठल्याच दुकानात नव्हतं. आज येईल, उद्या येईल करता करता हंगाम चढला आणि आत्याच्या टोमॅटोची रया गेली. जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडल्या, मग करपल्या, कुणीतरी कडेकडेनं काडी लावत गेल्यासारख्या. फळं पिकली तरी देठापाशी पिवळी राहायची आणि कापली की आत पांढरट, कडक गर. आत्यानं ते विकायला काढले नाहीत. “खराब माल विकायचा तर भाजी कशाला, भाषणं विकीन,” ती म्हणाली.

शेती खात्यातली एक तरुण मॅडम स्कूटरवरून मळ्यामळ्यांतून फिरायची. तिनं पानं उलटसुलट करून बघितली आणि सांगितलं, “मावशी, झाडाला पालाश कमी पडतंय.”

“पळस? आता तो कुठून आणू? आणि टोमॅटोला पळस कशाला हवाय?”

मॅडम इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. मग तिथेच बसून तिनं नीट समजावलं. पालाश म्हणजेच पोटॅश. त्यानं फळ भरतं, रंग धरतं, झाड उन्हातान्हात तग धरतं. ते पोत्यातूनच यायला हवं असं काही नाही. लाकडाच्या राखेत असतं. घड उतरवल्यावर केळीची जी खोडं लोक फेकून देतात, त्यांत भरपूर असतं. पेंढा कुजवला तर त्यातूनही मिळतं. राख सगळ्यांत सोपी. पण ती जपून वापरायची. चाळून घ्यायची, मातीवर हलकी भुरभुरायची, कोवळ्या खोडाला लागू द्यायची नाही आणि शेणखतात कालवायची नाही, नाहीतर खतातलं नत्र उडून जातं.

“आणि मावशी, लाकूड साधं हवं. रंग दिलेल्या लाकडाची राख नको.”

आत्या पायांची माती न धुता तशीच बेकरीत आली. मी गल्ल्यावर होते, म्हणून ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

“दादा, तुझ्या भट्टीत काय जळतं?”

“बाभूळ, निलगिरी. कधी आंबा. का गं?”

“रंगवलेलं नाही ना?”

“भट्टीला लाकूड रंगवून देऊ? तिचं काय लग्न आहे?”

“मग तुझी राख मला दे.”

बाबांना हसावं की रडावं कळेना. त्या राखेपायी शेजाऱ्यांशी रोज भांडण व्हायचं. वारा सुटला की ती लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जायची. “ने की बाई,” ते म्हणाले. “जन्मभर हाताला राख लागली. आता कुणाच्या तरी कामी येऊ दे.”

तेव्हापासून रोज सकाळी बाबा थंड झालेली राख पत्र्याच्या डब्यात भरून, सायकलला बांधून मळ्यावर न्यायचे. आत्या चहा ठेवायची. गोदामाच्या भिंतीच्या सावलीत दोघं बसायची आणि शाळेतल्या मास्तरांपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायची. पुढचा टोमॅटो देठापर्यंत लाल झाला. वांग्यांवर अशी चकाकी आली की आत्या म्हणाली, “यात बघून भांग पाडता येईल.” खतवाल्याकडे पुढे पोटॅशची पोती आली, पण आत्यानं तिकडे ढुंकून बघितलं नाही. आसपासचे दोन-चार मळेवालेही राख मागायला बाबांकडे आले. बाबांनी साफ सांगितलं, “राखेवर पहिला हक्क माझ्या बहिणीचा.”

याच काळात ताईची मुलगी मळ्यावर यायला लागली. ताई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची आणि जावई लांबच्या शहरात नोकरीला होता. ताईनं माहेराजवळ खोली घेतली होती. सकाळी पोरीला आत्याकडे सोडायचं आणि संध्याकाळी न्यायचं. पोर अंगानं एवढीशी आणि सदा कशात तरी गुंतलेली, म्हणून बाबांनी तिचं नाव मुंगी ठेवलं. ही मुंगी बोलायला लागली ती थांबेचना.

“आजी, वांग्याला टोपी का असते?”

“ऊन लागतं म्हणून.”

“मग टोमॅटोला का नाही?”

“तो तापट आहे. टोपी फेकून देतो आणि रागानं लाल होतो.”

“कोबी का गुंडाळून बसलाय?”

“लाजतो.”

“का लाजतो?”

आत्यासारख्या बाईलाही कधीकधी हात टेकावे लागायचे. ती राख चाळायला बसली की मुंगी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. आत्यानं तिला चहाची जुनी गाळणी दिली होती. आत्या मोठ्या चाळणीनं चाळायची, मुंगी गाळणीनं. राखेत पाणी घालून ती पाव थापायची, मामाआजोबांसारखे. तिच्या पापण्यांवर, केसांवर, ओठांवर राख बसायची. आत्या पदरानं पुसायची, की पुन्हा तेच. बाबा तिला बघून म्हणायचे, “अरे, ही तर माझ्याआधी पांढरी झाली!”

मग लाकडाची चणचण सुरू झाली. वखारवाल्यानं वखार बंद केली. निलगिरीचा ट्रक येईना. बाबांची झोप उडाली, कारण सकाळी पाव नाही म्हणजे अर्ध्या गावाची न्याहारी नाही. तेवढ्यात एका ओळखीच्या ठेकेदारानं एक जुनी इमारत पाडायला घेतली. तिची दारं, खिडक्या, चौकटी असं बरंच लाकूड होतं. बाबांनी ते सगळं आणून बेकरीमागे रचलं. जुनं सागवान, वाळून खडखडीत झालेलं. त्याचा जाळ एकसारखा लागायचा. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “सागवानावर भाजलेला पाव खाताय, जरा मान ताठ ठेवून खा.”

त्या दारांवर हिरवा रंग होता. खरवडलं तर खाली पिवळा, त्याखाली आणखी कुठला तरी. कित्येक वर्षं थरावर थर चढवलेले. आत्यानं रंगाचं विचारलं होतं, पण ते एकदाच, आणि त्यालाही बराच काळ लोटला होता. बाबांच्या डोक्यात ते उरलंच नव्हतं.

आत्याच्या चाळणीत खिळे यायला लागले. एकदा एक छोटी बिजागरीही आली. ती मुंगीनं खेळायला घेतली. आत्यानं खिळे एका डब्यात साठवले, मांडवाच्या कामी येतील म्हणून.

“दादा, तू पाव भाजतोस की सुतारकाम करतोस?” तिनं विचारलं.

“लोह मिळतंय तुझ्या झाडांना,” बाबा म्हणाले. “टॉनिक समज.”

दोघं हसली. बाबांनी सायकलवर टांग मारली आणि आत्या पुन्हा चाळायला बसली.

मुंगीचं पोट दुखायला लागलं, ते साध्या दुखण्यासारखंच. आमच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. पोर जेवेना, तेव्हा भूक लागायचं दिलं. मग ती फिकट दिसते म्हणून रक्तवाढीचं. ती चिडचिड करायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले, “बाप जवळ नाही, पोर आठवण काढत असेल.” ती खेळता खेळता मध्येच आडवी व्हायची, तेव्हा आत्या म्हणायची, “ऊन बाधतंय हिला.” आणि तिला सावलीत, आपल्याजवळ, चाळणीच्या बाजूला ओढून घ्यायची.

एके दिवशी वांगी तोडताना आत्याच्या अचानक लक्षात आलं की सकाळपासून आपल्याला कुणी ‘का’ म्हणून विचारलेलं नाही. तिनं मागे वळून बघितलं. मुंगी बांधावर बसली होती. आत्यानं एक वांगं उचलून दाखवलं आणि विचारलं, “मुंगे, याला टोपी का गं?” पोरीनं वांग्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि ती काहीच बोलली नाही. आत्या हातातलं काम टाकून तिला कडेवर घेऊन ताईच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेली.

मुलांच्या मोठ्या दवाखान्यात वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीला तपासलं आणि मग बारीकसारीक प्रश्न विचारायला सुरुवात केली. घराला रंग कधी दिला? पाणी कुठून येतं? मूल माती खातं का? दिवसभर कुठे असतं?

“माझ्याजवळच असते,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता, असं ताईनं मला नंतर सांगितलं. “मी राख चाळते ना, तेव्हासुद्धा मांडीजवळच असते. नजरेआड होऊ देत नाही मी तिला.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “कसली राख?”

रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं, आणि तेही फार. आत्याला शिसं म्हणजे फक्त शिसपेन्सिल ठाऊक. “पण तिनं तर अजून पेन्सिल हातात धरलेली नाही हो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मुंगीला दाखल करून घेतलं. शिसं बाहेर काढायचं औषध सुरू झालं.

मळ्यातल्या राखेचा नमुना शेतीच्या मॅडमनं स्वतः नेऊन दिला आणि निकालही तिनंच आणला. ती स्कूटर लावून आली आणि बांधावर बसली. आत्यानंच तिला पाणी दिलं.

“मावशी,” शेवटी ती म्हणाली, “राखेतच आहे. लाकूड कुठलं होतं हो?”

दुपारची वेळ होती. बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं. बाबा ट्रे पुसत होते. आत्या आली. तिच्या हातात खिळ्यांचा डबा होता.

“दादा, भट्टीत काय जळतं?”

बाबांना वाटलं, आज तिला जरा बरं वाटतंय, पोरीचं काहीतरी चांगलं कळलं असेल. ते हसून म्हणाले, “सागवान! त्या पाडलेल्या इमारतीची दारं. का गं?”

“रंगाची?”

“हिरवी होती बहुतेक. पण ठके, भट्टीत सगळं जळून जातं. आगीत काय उरतं?”

आत्यानं डबा काउंटरवर पालथा केला. खिळे घरंगळत माझ्यापर्यंत आले.

“हे उरतं,” ती म्हणाली. “आणि रंगातलं शिसं उरतं. ते मी चाळलं. तिच्या तोंडावर चाळलं.”

बाबांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. ते मैद्याच्या पोत्यावर बसले आणि आपल्या हातांकडे बघायला लागले. “तू मला विचारलं होतंस,” ते म्हणाले. “तू विचारलं होतंस गं.” आत्यानं एकेक खिळा वेचून पुन्हा डब्यात भरला, फरशीवर एकही राहू दिला नाही, आणि ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी बाबांनी भट्टी विझवली. तपासणीला माणसं आली. पावांत दोष निघाला नाही, जाळाचा कप्पा वेगळा होता म्हणून. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. पुढे बेकरी गॅसवर सुरू झाली. पाव पूर्वीसारखाच व्हायचा. बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत.

आत्यानं जे केलं ते करायला छाती लागते. तिची भाजी ज्या ज्या घरात जायची, त्या प्रत्येक घराचं दार तिनं वाजवलं. मी तिच्याबरोबर होते. ती एकच वाक्य बोलायची, “माझ्या मळ्यातल्या राखेत शिसं निघालंय, मुलांचं रक्त तपासून घ्या.” एका बाईनं दार तोंडावर आपटलं. एका आजोबांनी आम्हाला आत बोलावून बसवलं. एक तरुण आई ओरडली, “तुमच्यावर विश्वास ठेवून पालक नेत होते मी!” आत्या मान खाली घालून म्हणाली, “हो, ठेवला होतात.” आणि पुढच्या दाराकडे वळली. फाटक्या तोंडाची माझी आत्या! शब्दाला शब्द म्हणून तिनं दिला नाही.

बाकीची मुलं बरी निघाली. कुणाला थोडंफार होतं, पण काळजी करण्याइतकं नाही. मॅडमनं सांगितलं की टोमॅटो-वांग्याच्या फळात शिसं फारसं चढत नाही. पानांवर आणि मुळांना चिकटलेली धूळ वाईट, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चाळताना उडणारी ती बारीक राख, श्वासातून आणि हातातोंडातून जाणारी. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सगळं तिच्या एकटीच्याच वाट्याला आलं?”

मुंगीच्या रक्तातलं शिसं औषधानं उतरलं. पोट दुखायचं थांबलं. गालांवर थोडा रंग आला. पण डॉक्टरीणबाईंनी ताईला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की जे शरीरातून निघतं ते निघतं, पण मेंदूत जे होऊन गेलं ते पूर्ण भरून येईलच असं नाही. शिकवावं लागेल, धीर धरावा लागेल.

ताईनं खोली सोडली आणि ती नवऱ्याकडे जायला निघाली. सामान टेम्पोत चढलं होतं. आत्या दाराशी उभी होती, हातात पोरीच्या धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. ताईनं ते घेतलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आत्या पुढे कितीतरी वेळा म्हणाली.

“आई,” ताई म्हणाली, “मी रोज निर्धास्त जायचे गं. कारखान्यात बायका म्हणायच्या, तुझं बरंय, पोर आजीजवळ असते.”

एवढंच. मुंगी बापाच्या खांद्यावर डोकं टेकून होती. आत्यानं हात पुढे केला. पोरीनं तो बघितला आणि डोळे मिटले. झोप आली होती तिला, दुसरं काही नाही. पण ती मिटलेली नजर आत्या घेऊन बसली.

मळ्यावरची वरची माती खरवडून काढली, लांबून दुसरी आणून टाकली. नवी माती हलकी होती, तिच्यात दम नव्हता. टोमॅटोच्या पानांच्या कडा पुन्हा पिवळ्या व्हायला लागल्या. पोटॅशचं पोतं आता दुकानात मिळत होतं, पण आत्या आणायला गेली नाही. ती मळ्यावर जायची, बसायची आणि परत यायची.

बाबा रोज कुंपणापर्यंत जायचे. आत्या त्यांच्याशी बोलायची नाही. एकदा त्यांनी कुंपणाबाहेरून म्हटलं, “ठके, शिव्या दे. मार मला. पण असं करू नकोस.”

“चूक तुझ्या एकट्याची नाही, दादा,” ती म्हणाली. “खिळे माझ्या हातात होते. पण तुझं तोंड बघितलं की मला ती राखेतच दिसते. तू येत जाऊ नकोस.”

बाबा तोंड दाखवायचे थांबले, पण जायचे थांबले नाहीत. कालव्यापलीकडे एक केळीची बाग होती. घड उतरवल्यावर बागवाला खोडं तोडून बांधावर टाकायचा. बाबांना मॅडमकडून कळलं होतं, की त्या खोडांत आणि त्यांच्या पाण्यात पालाश भरपूर असतं. ते बागवाल्याला विचारून खोडं आणायचे. केळीचं खोड म्हणजे पाण्यानं भरलेला सोट. तरण्या माणसाचाही खांदा वाकतो. बाबा ते सायकलवर आडवं बांधून, हातानं ढकलत, कालव्याच्या पुलावरून आणायचे. आत्या मळ्यावर नसायची तेव्हा कुंपणाशी ठेवून परत यायचे. शर्टावर खोडाच्या चिकाचे काळे डाग पडायचे. ते धुऊन जात नाहीत. आई कुरकुरायची, मग तीही गप्प झाली.

खोडं कुंपणाशी पडून राहिली, सुकली. बाबा नवी आणत राहिले. मग एकदा मी मळ्यावर गेले तर आत्या कोयत्यानं खोडाचे बारीक तुकडे करत होती. पिंपात पाणी, गूळ आणि ते तुकडे. झाकण ठेवून कुजवायचं, गाळायचं आणि भरपूर पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी घालायचं. चोथा वाफ्यांवर पसरायचा. कोयता मारताना तिच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि तिनं ती पुसलीही नाही.

“बाबांना सांगू?” मी विचारलं.

“त्याला काय सांगायचंय? पिंप त्याला दिसेल की.”

टोमॅटो सुधारले. तिनं त्यांतले काही पिशवीत भरून माझ्याजवळ दिले, “घरी दे” म्हणाली. बाबांनी एक टोमॅटो कापला. आतून बाहेरून लाल होता. त्यांनी तो तसाच ताटात ठेवला आणि हात धुऊन उठले.

त्या भावा-बहिणीची पुन्हा गाठ पडली ती बाबांच्या शेवटच्या आजारात. अर्धं अंग गेलं होतं आणि बोलणं अडखळत होतं. आत्या आली, उशाशी बसली आणि वाटीतली पेज चमच्यानं भरवायला लागली, जणू मधली वर्षं झालीच नव्हती. बाबांनी दोन घास घेतले आणि तोंड मिटलं.

“मुंगी,” ते कष्टानं म्हणाले. “बोलते का गं?”

मुंगी त्या वेळी मोजके शब्द बोलायची. पाणी. नको. आई. तिला शाळेत घेतलं नव्हतं. ताईचा फोन आठवड्याला यायचा, तोही कामापुरता. हे सगळं मला ठाऊक होतं. आत्यानं चमचा वाटीत ठेवला.

“बोलते की,” ती म्हणाली. “नुसती चिवचिव. ताई कंटाळते ऐकून ऐकून. परवा विचारत होती, मामाआजोबा पावाला भोकं का पाडत नाहीत.”

बाबांच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला. त्यांना हसायचं होतं. डोळे भरून आले. त्यांनी आत्याचा हात धरला आणि पुढचे सगळे घास खाल्ले. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा गेले. आत्या त्यांच्या पायांशी बसून होती. “खोटं ऐकून गेला गं माझा भाऊ,” एवढंच ती म्हणाली.

शेतीच्या मॅडमनं पुढे मळेवाल्यांची एक बैठक घेतली. खतं मिळेनाशी झाली तर काय वापरायचं, यावर. आत्यानं केळीच्या पिंपाबद्दल बोलावं, अशी तिची विनंती होती. आत्या उभी राहिली. खोड कसं कापायचं, किती कुजवायचं, किती पाण्यात मिसळायचं, सगळं नीट सांगितलं. एकानं विचारलं, “आणि मावशी, राख चालते का? राख तर फुकटात मिळते.”

“चालते,” आत्या म्हणाली. “चांगली असते राख. फक्त देणाऱ्याला रोज विचारा. भाऊ असला तरी रोज विचारा, आज काय जाळलं म्हणून. आणि चाळताना मुलांना...” ती खाली बसली. मॅडमनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बैठक तिथेच संपवली.

त्या वर्षाअखेर आत्यानं मळा सोडला. कुणाला न विचारता ताईच्या शहरात गेली आणि ताईच्या घराजवळ एक खोली भाड्यानं घेतली. तिथे भाजीच्या दुकानात निवडायचं काम धरलं. ताईच्या दाराशी जाऊन ती म्हणाली, “मी आत येत नाही. पण तू कामाला जाशील तेव्हा पोरीला अशा मुलांच्या त्या वेगळ्या शाळेत सोडायला कुणीतरी लागेल. मी सोडीन. तुला वाटलं तर.” ताईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही आत्या गेली. ताईला राग सोडवत नव्हता आणि तिथे धरलेली नोकरीही सोडवत नव्हती. कधीतरी एका सकाळी ती पोरीचं बोट धरून खाली आली, आत्याच्या हातात ते बोट दिलं आणि बससाठी धावली.

आता मुंगी आठ वर्षांची आहे. ती अजूनही फार बोलत नाही आणि पुढे किती बोलेल ते कुणी सांगत नाही. ताई आईशी बोलते, पण तोलूनमापून. आत्या आत जाते, चहा घेते, कप धुऊन ठेवते आणि उठते. तिचं फाटकं तोंड आता शिवल्यासारखं झालंय. मी फोन केला की ती बोलते ते फक्त पोरीबद्दल.

काल तिचाच फोन आला. म्हणाली, “अगं, आज तिनं बूट स्वतः घातले. मी हातसुद्धा लावला नाही. डाव्या पायातला उजव्यात, उजव्यातला डाव्यात. तशीच चालत शाळेपर्यंत गेली.”

“मग तू बदलून नाही दिलेस?”

“नाही गं,” आत्या म्हणाली. “कशाला बदलू? तिनं घातले होते ना.”